पाणी सोडल्याची खबर

इस्फहानात खबर संध्याकाळी आली.
भोंगा नाही, दवंडी नाही;
संगक भाजणाऱ्यानं भट्टीतून रोटी ओढता ओढता सांगितलं,
वर धरणाचे दरवाजे उघडलेत,
आणि रांगेतली माणसं
गरम रोटी तशीच खांद्यावर टाकून
नदीकडे वळली.

नदी म्हणजे तेव्हा
भेगाळल्या मातीचा रुंद रस्ता.
पोरं त्यात फुटबॉल खेळायची.
तेहतीस कमानींचा पूल
पेन्शनीत गेलेल्या मास्तरासारखा
रोज वेळेवर, इस्त्री करून उभा.
अर्दलानच्या चौदा होड्या, हंसाच्या मानेच्या,
काठाखाली धूळ खात कलंडलेल्या.
दर वसंतात तो त्यांना रंग देतो.
बायको म्हणते, मेल्या कोंबड्यांना काजळ.
तो म्हणतो, चोच तरी लाल असू दे.

पूल हा शब्द माझ्या भाषेत
इथूनच कधीतरी चालत आला,
दरवाजासोबत, बाजारासोबत, खबरीसोबत.
त्यामुळे पहिल्या दिवशी तो कुणाला विचारावा लागला नाही.
नदीसाठी मात्र आम्ही आमचाच शब्द राखला,
आणि ‘रूद’ शिकायला मला
कोरडं पात्र बघावं लागलं.

रात्री फारसं कुणी झोपलं नाही.
जुल्फातून हाइकानुश आली,
थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन,
थेट पात्रात मांडून बसली.
तिच्या लग्नाच्या फोटोत मागे पाणी आहे.
शेजारची पोर फोटो बघून विचारते,
तुमच्या पायांखाली आकाश कसं?

खाली खाजूच्या कमानीत खोस्रो गात होता.
गवंडी, सत्तरीचा, दात तीन,
आवाज पुरा.
कोरड्या दिवसांत, तो सांगतो,
आवाज दगडावर आपटून फार लवकर परत येतो,
न वापरलेल्या उसन्या भांड्यासारखा.
पाण्यानं तो थोडा ठेवून घ्यायला हवा.
त्याशिवाय गझल लागत नाही.

पहाटे पुढे पळालेली पोरं ओरडत आली.
मागून ते.
पूर नव्हे, लाट नव्हे.
एक तपकिरी जीभ, टोकाला फेस,
फेसात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
एक बाटली, एक निळी चप्पल.
चालत्या माणसाच्या वेगानं.
भेग दिसली की थांबायचं,
भेग भरायची,
मग पुढचं पाऊल.
माती चुर्रर्र करून घोट घेत होती.
आम्ही सगळे त्याच्यापुढे उलटे चालत होतो,
पाहुण्याला पाठ दाखवू नये तसे,
धडपडत, हसत,
थेट खाजूपर्यंत.

खोस्रोनं ओळ अर्ध्यात सोडली.
एरवी दहा जण उचलतात.
आज कुणी पुरी केली नाही.
पायऱ्यांवर पाणी पहिल्यांदा आपटलं
तेव्हा दगडी सिंहाशेजारचा पोलीसही
टोपी काढून उभा होता,
डोकं खाजवायला, असं तो नंतर म्हणाला.

हे थांबणार नाही.
पूर्वेच्या गव्हासाठी निघालेलं पाणी,
वर्झनेहकडचं, मोजून दिलेलं.
शहरातून नुसतं जाणार.
दहा दिवस, फार तर बारा.
अर्दलानला हे पाठ आहे.
तरी दुपारी, पात्र भरल्यावर, त्यानं पहिला हंस ढकलला.
हंस तरंगला,
मानेनं दोनदा हो म्हणाला,
आणि तळाच्या फटीतून नदी पिऊन
सावकाश आडवा झाला.
काठावर टाळ्या.
अर्दलान कमरेइतक्या पाण्यात उभा राहून
एवढा हसला
की बायकोला खाली उतरावं लागलं.

सकाळी हाइकानुश उठली नव्हती.
पाणी तिच्यापर्यंत आलं,
बुटांत शिरलं,
तिनं पाय हलवले नाहीत.
थर्मासचं झाकण भरून
पहिला चहा तिनं खाली ओतला
आणि आर्मेनियनमध्ये काहीतरी पुटपुटली.
अर्थ मी संध्याकाळी विचारला.

दमली असशील,
म्हणाले होते तिला.